गोल्फ क्लबचा शाफ्ट साध्या फटक्यालाही का तुटतो?

पनवेलकर_९१

नमस्कार मंडळी. मी आठवड्याच्या शेवटी खेळणारा, मोठ्या हँडिकॅपचा, म्हणजे बेताच्या कौशल्याचा, साधा गोल्फर आहे. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या संचातले दोन क्लब पाठोपाठ तुटले आणि दोन्ही वेळा फटका अगदी साधा होता, म्हणून हा प्रश्न इथे मांडत आहे.

पहिला गेला तो आठ नंबरचा आयर्न, म्हणजे धातूच्या पात्यासारख्या डोक्याचा क्लब. त्याचा शाफ्ट, म्हणजे दांडा, पोलादी, क्रोमचा मुलामा दिलेला आणि बाहेरून अजूनही चकचकीत होता. फेअरवेवरून (छाटलेल्या गवताच्या पट्ट्यावरून) ग्रीनकडे (भोकाभोवतीच्या हिरवळीकडे) बेताच्या ताकदीने मारले, चेंडू नीट निघाला, पण त्याच्या मागोमाग क्लबचे डोकेही उडाले आणि पंधरा-वीस पावलांवर जाऊन पडले. दुसरा ड्रायव्हर, म्हणजे सर्वात लांब पल्ल्याचा क्लब. तो जुन्या पद्धतीचा, म्हणजे शाफ्ट थेट होझलमध्ये (डोक्याच्या पोकळ मानेत) चिकटवलेला आहे. त्याचा मूळचा शाफ्ट मला फार मऊ वाटत असल्यामुळे मी एका दुकानातून ग्रॅफाइटचा दुसरा शाफ्ट बसवून घेतला होता. तो सरावाच्या वेळी, टीवरचा (छोट्या खुंटीवरचा) चेंडू मारताना, फेरूलपाशी (होझलच्या तोंडावरच्या कड्यापाशी) तुटला.

दुकानदाराचे म्हणणे असे की ग्रॅफाइट आपणहून तुटत नाही, तुम्ही जमिनीवर आपटला असणार, तेव्हा भरपाईचा प्रश्नच येत नाही. कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) म्हणतो, माल डुप्लिकेट आहे. आमच्या गटातले ज्येष्ठ खेळाडू म्हणतात, शाफ्टचे आयुष्य संपले होते. मला ही तिन्ही उत्तरे अंदाजपंचे वाटतात. तुटलेले तुकडे मी जपून ठेवले आहेत. त्यांच्यावरून कारण ओळखता येते का, आणि उरलेल्या बारा क्लबांवर हीच पाळी येऊ नये म्हणून काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

लांबपल्ला

माझ्या मते शाफ्टचा फ्लेक्स, म्हणजे लवचीकपणा, चुकला असावा. तुमच्या स्विंगचा वेग जास्त असेल आणि शाफ्ट 'रेग्युलर' असेल, तर तो प्रत्येक फटक्याला गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि शेवटी तुटतो. स्टिफ किंवा एक्स्ट्रा स्टिफ शाफ्ट घ्या, प्रश्न मिटेल.

निवृत्त_मेटलर्जिस्ट

लांबपल्ला यांचे मत बऱ्याच जणांचे असते, परंतु ते मला पटत नाही. फ्लेक्स चुकला तर चेंडूची उंची आणि दिशा बिघडते. त्याने धडधाकट शाफ्ट तुटत नाही. शाफ्टवर ताण नेमका केव्हा येतो हे आधी पाहिले, तर पुढचे सगळे समजायला सोपे जाईल.

ड्रायव्हरचे डोके साधारण २०० ग्रॅमचे असते. ते ताशी १५० किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरत असताना त्याला वर्तुळात धरून ठेवण्यासाठी शाफ्टला सुमारे ३० किलो वजनाइतकी ओढ सोसावी लागते. आकडा मोठा वाटला तरी शाफ्ट या ओढीसाठीच बनवलेला असतो आणि ती तो हजारो वेळा सोसतो. चेंडूवर डोके आदळते त्या क्षणी शाफ्टला सर्वात मोठा धक्का बसत असेल असे आपल्याला वाटते, पण तसे होत नाही. चेंडू आणि डोके यांचा संपर्क सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. त्या धक्क्याची लाट शाफ्टमधून हातापर्यंत जाऊन परत येण्याआधीच चेंडू निघून गेलेला असतो. त्या क्षणापुरते डोके जणू मोकळेच असते, आणि म्हणून मधोमध बसलेला चेंडू शाफ्टला फारसा त्रास देत नाही.

जमिनीची गोष्ट वेगळी आहे. चेंडूच्या मागे माती खणली गेली, डोके झाडाच्या मुळाला किंवा दगडाला अडले, की संपर्काचा काळ कितीतरी पटींनी वाढतो. डोके थांबते, पण खेळाडूचे हात आणि धड पुढे जातच राहतात, आणि तो सगळा वाक होझलच्या तोंडाशी, दोन बोटांच्या जागेत एकवटतो. तिथे एका बाजूला न वाकणारा भरीव धातू असतो आणि दुसऱ्या बाजूला वाकणारी पातळ नळी. काँक्रीटवर अंथरलेल्या पातळ सराव-मॅटवर आयर्न मारत राहणे हा याच प्रकारातला, फक्त न दिसणारा मार आहे.

आता तुमच्या आयर्नविषयी. पोलादी शाफ्टच्या नळीची भिंत सर्वसाधारणपणे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा फार जाड नसते. अशा भिंतीवर एखादा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असला की प्रत्येक वाकासरशी ताण त्या जागी साचतो, तिथून केसासारखी बारीक भेग सुटते आणि फटक्यागणिक थोडी थोडी पुढे सरकते. तार मागेपुढे वाकवून आपण तोडतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे एकेक वाक फार लहान असतो, त्यामुळे भेग वाढायला महिने किंवा वर्षे लागतात. शाबूत भाग पुरेसा उरला नाही की उरलेली नळी एका फटक्यात सुटते, आणि तो फटका अगदी हलकाही असू शकतो. म्हणूनच 'मी तर हळूच मारले होते' हे वाक्य शाफ्ट तुटलेला जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, आणि ते खरेही असते.

मुलामा बाहेरून असतो. नळीची आतली बाजू सहसा उघडे पोलाद असते. ग्रिपच्या, म्हणजे मुठीवरच्या रबरी आवरणाच्या, टोपीला मधोमध एक बारीक भोक असते, आणि बॅगेत क्लब ग्रिप खाली करून उभे असतात. मुंबई-नवी मुंबईच्या पावसात बॅगेच्या तळाशी पाणी साठले, तर ते भोक त्या पाण्यातच राहते. आत शिरलेले थोडेसे पाणी स्विंगच्या वेळी टोकाकडे फेकले जाते आणि होझलजवळ, चिकटद्रव्याच्या बुचापाशी अडते. याच जागी वाकाचा ताणही सर्वाधिक असतो. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत हा गंज अधिक वेगाने वाढतो. बाहेरून लख्ख दिसणारा शाफ्ट आतून पोखरलेला असणे यात मला तरी काही नवल वाटत नाही.

तुम्ही तुकडे ठेवले आहेत ही फार चांगली गोष्ट केलीत. भिंग आणि टॉर्च घेऊन तुटलेल्या कडेचे वर्तुळ नीट पाहा. वर्तुळाचा काही भाग तपकिरी किंवा काळपट आणि उरलेला भाग ताजा, करडा, चमकदार असेल, तर काळपट भागातली भेग आधीपासूनच होती आणि चमकदार भाग शेवटच्या फटक्याला तुटला, असा त्याचा अर्थ होतो. सगळे वर्तुळ ताजे असून नळी एका बाजूने चेपलेली किंवा दुमडलेली असेल, तर एकाच जबर माराने तुटली असे समजावे. मात्र कृपा करून त्या कडा पुसू, घासू किंवा एकमेकांना जुळवून पाहू नका. पुरावा तिथेच असतो.

दुरुस्तीवाला_पुणे

पोलादाविषयी वर उत्तम लिहिले आहे. मी क्लब जोडणे-दुरुस्त करणे हेच काम करतो, म्हणून ग्रॅफाइटविषयी लिहितो, कारण त्याची तुटण्याची तऱ्हा पूर्णपणे वेगळी आहे.

ग्रॅफाइट शाफ्ट म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या कार्बन तंतूंचे पातळ पत्रे, जे पोलादी सळईभोवती गुंडाळून भट्टीत पक्के केले जातात; नंतर सळई काढून घेतात आणि पोकळ नळी उरते. काही थरांतले तंतू लांबीच्या दिशेने असतात, ते वाक सोसतात. काही तिरके असतात, ते पीळ सोसतात. लांबीच्या दिशेने ही नळी विलक्षण मजबूत असते. आडव्या चिमट्याला, धारदार कडेला आणि ओरखड्याला मात्र ती नाजूक असते. पोलाद तुटण्यापूर्वी बऱ्याचदा वाकून इशारा देते. ग्रॅफाइट वाकून राहत नाही, एकतर धड असते नाहीतर तुटलेले.

होझलपाशी तुटलेले जे ग्रॅफाइट शाफ्ट माझ्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याच शाफ्टांचा दोष बसवण्यात असतो. होझलच्या भोकाची वरची आतली कड तिरकी घासलेली असायला हवी. वर्कशॉपच्या भाषेत त्याला चॅम्फर म्हणतात. ती कड काटकोनी आणि धारदार राहिली, तर प्रत्येक फटक्याला शाफ्ट तिच्यावर दाबला जातो आणि बाहेरचे तंतू एकेक करून कापले जातात. फेरूल हे वरून घातलेले प्लॅस्टिकचे कडे दिसायला छान असते, पण त्याने या कडेपासून काहीही संरक्षण होत नाही. पोलादी शाफ्टसाठी बनवलेल्या जुन्या आयर्नच्या डोक्यात चॅम्फर नसतो, आणि तिथे ग्रॅफाइट बसवताना तो करून घ्यावा लागतो. ड्रायव्हरमध्ये तो बहुधा असतो, परंतु भोक वाढवले असेल तर नाहीसा होतो.

भोक का वाढवतात? वुड्सच्या (ड्रायव्हर आणि तशा जाड डोक्याच्या क्लबांच्या) शाफ्टचे टोक दोन मापांचे मिळते, सुमारे ८.५ मिलिमीटर आणि सुमारे ८.९ मिलिमीटर. होझल लहान मापाचे आणि हाताशी असलेला शाफ्ट मोठ्या मापाचा असला, की काही जण होझलमध्ये ड्रिल घालून मोकळे होतात. काही जण त्याहून वाईट करतात: शाफ्टचे टोकच पॉलिश पेपरने घासून बारीक करतात. टोकाचा फक्त रंग आणि वार्निश काढायचे असते, तेही आत बसणार आहे तेवढ्याच लांबीत. काळी पूड दिसू लागली की तंतू कापले जाऊ लागले, तिथे हात थांबलाच पाहिजे.

याखेरीज तीन गोष्टी पाहाव्यात. शाफ्ट होझलमध्ये २५ ते ३० मिलिमीटर तरी आत गेलेला असावा. त्याहून कमी असला की तेवढ्याशा पकडीवर सगळा भार येतो. चिकटद्रव्य गोल्फ शाफ्टसाठी असलेले, सावकाश पक्के होणारे इपॉक्सी हवे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे, पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी उष्णतेने फार लवकर मऊ पडते, आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत पुरेशी उष्णता असते. आणि जुने डोके काढताना शाफ्ट तापवून पिळू नये. सरळ रेषेत ओढणाऱ्या यंत्रानेच काढावे. पिळल्याने आतले तिरके थर सुटतात, बाहेरून काही दिसत नाही आणि तो शाफ्ट दुसऱ्या डोक्यात बसवला की काही आठवड्यांत जातो. सेकंडहँड 'पुल्ड' (जुन्या डोक्यातून काढलेला) शाफ्ट स्वस्तात मिळतो तेव्हा तो कसा काढला होता हे कुणीच सांगत नाही.

तुमच्या ड्रायव्हरबाबत इतके पाहा: तुटलेली कड सरळ, सुरीने कापल्यासारखी आहे, की लांब लांब कुसळे निघाली आहेत? होझलच्या आतल्या कडेवर नख फिरवा. नख अडते का? आणि आत राहिलेल्या तुकड्याची खोली मोजा. हातमोजा मात्र घाला, कार्बनचे कुसळ बोटात गेले तर ते काढणे महाकठीण असते.

पनवेलकर_९१

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री टेबललॅम्प आणि भिंग घेऊन बसलो. निरीक्षणे जशी आहेत तशी लिहितो.

आयर्न: शाफ्ट होझलच्या तोंडाच्या किंचित वर तुटला आहे. तुटलेल्या वर्तुळाचा जवळजवळ अर्धा भाग गडद तपकिरी आहे, उरलेला करडा आणि चमकदार. हातातला दांडा उलटा करून कागदावर टिचकी मारली तेव्हा तपकिरी भुकटी पडली आणि पोपडेही पडले. टॉर्चच्या प्रकाशात नळीच्या टोकाकडचा आतला पृष्ठभाग खडबडीत दिसतो. ग्रिपकडचा भाग त्या मानाने स्वच्छ आहे.

ड्रायव्हर: कड जवळजवळ सरळ आहे, कुसळे फक्त एका बाजूला आणि तीही आखूड. होझलच्या आतल्या कडेवर नख स्पष्ट अडते. तुटलेल्या जागेच्या लगत रंगावर बारीक वर्तुळाकार रेघ आहे आणि ती फेरूलखाली झाकलेली होती. आत उरलेला तुकडा वीस मिलिमीटरही भरत नाही. होझलच्या भिंतीवर ड्रिलच्या फिरत्या खुणा दिसतात. त्या मूळच्या आहेत की नंतरच्या, हे मला ओळखता येत नाही.

निवृत्त_मेटलर्जिस्ट

आयर्नपुरता प्रश्न मिटला. अर्धे वर्तुळ तपकिरी याचा अर्थ ती भेग बरेच दिवस उघडी होती आणि तिच्यात ओल जात होती. शेवटच्या फटक्याच्या वेळी शाफ्टची निम्मी ताकद आधीच गेलेली होती. इथे माल डुप्लिकेट असल्याचे काही दिसत नाही, आणि 'आयुष्य संपले' हेही तितकेसे खरे नाही. कोरडा राहिलेला आणि ठोके न खाल्लेला पोलादी शाफ्ट कित्येक दशके टिकतो.

उरलेले आयर्न एकेक करून तपासा. ग्रिप बदलायला दिल्या की उघड्या टोकातून टॉर्च मारून आत पाहा. गंजाचे पोपडे दिसले तर त्या शाफ्टवर पैसे खर्च न करता तो बदलावा. क्लब हलवल्यावर आत काही खुळखुळले तर लगेच घाबरू नका, बहुतेक वेळा तो सुटलेला इपॉक्सीचा कण असतो. खेळ झाल्यावर पावसाळ्यात क्लब बॅगेतून काढून, पुसून, रात्रभर पंख्याखाली आडवे ठेवावेत आणि बॅग उलटी करून तिच्या तळाचे पाणी जाऊ द्यावे. ओल्या डोक्यावर तसेच कव्हर चढवून बॅग डिकीत टाकणे हा सर्वात वाईट मार्ग. कॅडी डोकी बादलीत बुडवून धुतात, तेव्हा पाणी फेरूलच्या वर येणार नाही इतके पाहायला त्यांना सांगावे.

आणखी एक. वाकलेला पोलादी शाफ्ट गुडघ्यावर दाबून सरळ करणारे लोक मी पाहिले आहेत. पातळ नळीला एकदा बाक पडला की तिथली भिंत चेपलेली असते; दिसायला सरळ झाली तरी ती जागा कायमची दुबळी राहते.

दुरुस्तीवाला_पुणे

ड्रायव्हरचेही चित्र स्पष्ट आहे. जमिनीवर एकदाच जोरात आपटून तुटलेला ग्रॅफाइट शाफ्ट झाडूसारखा फुटतो, लांब कुसळे निघतात आणि तुटण्याची जागा बऱ्याचदा होझलपासून काहीशी वर असते. सरळ कड, फेरूलखालची वर्तुळाकार रेघ, नख अडणारी धारदार कड आणि अपुरी खोली या चारही गोष्टी एकत्र असतील, तर कारण बसवण्यातले आहे असे मी तरी लिहून देईन. दुकानदाराशी बोलताना शब्दाला शब्द वाढवू नका. होझल आणि आतला तुकडा तसाच ठेवून समोर मापून दाखवा. तुकडा मात्र त्यांच्याकडून लगेच ड्रिल करून काढून घेऊ नका.

नवा शाफ्ट बसवताना त्या होझलला चॅम्फर करून घ्या आणि भोक वाढवलेले असल्यास त्याच मापाचा शाफ्ट निवडा. लहान मापाचा बसवायचा झाला तर मधली फट भरण्यासाठी योग्य मापाचे धातूचे शिम (पातळ पत्र्याचे अस्तर) मिळते. नुसते इपॉक्सी भरून फट बुजवू नये.

आता इतर ग्रॅफाइट शाफ्टविषयी. होझलखालोखाल शाफ्टचे सर्वाधिक नुकसान होते ते बॅगेत. गाडीच्या हादऱ्यांनी आणि कॅडीच्या चालीने शाफ्ट बॅगेच्या तोंडावरच्या दुभाजकाच्या कडेला सतत घासत राहतात. आधी रंग जातो, मग वार्निश, मग करडा-काळा तंतू उघडा पडतो. शिवाय ड्रायव्हरच्या शेजारी आयर्न ठेवले की त्यांची डोकी त्याच्या शाफ्टवर आपटतात. दुभाजकांना मऊ कापड असलेली बॅग घ्यावी, वुड्स आणि आयर्न वेगळ्या कप्प्यांत ठेवावेत आणि ड्रायव्हरला लांब मानेचे कव्हर घालावे. क्लब बॅगेतून काढताना तिरका हिसका न देता सरळ वर उचलावा.

तपासायची सोपी रीत अशी. कापसाचा बोळा शाफ्टवरून टोकापासून ग्रिपपर्यंत हलकेच फिरवावा. कापसाचे धागे जिथे अडकतील तिथे तंतू उचललेले आहेत. मग नाण्याने शाफ्टभर टिचक्या माराव्यात. एखाद्या जागी खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर आतले थर सुटल्याची शंका घ्यावी. दोन्ही हातांनी हळूच वाकवताना करकर ऐकू आली तर तो क्लब पुन्हा वापरू नये. रंगावरची प्रत्येक रेघ म्हणजे तडा नसते, पण ती नखाला लागत असेल आणि शाफ्टभोवती आडवी जात असेल तर ती मनावर घ्यावी. ग्रिप काढताना सरळ पातीची सुरी वापरू नये. हुकासारख्या वळलेल्या पातीने कापले तर तंतूंना धक्का लागत नाही. व्हाइसमध्ये पकडताना रबराची गादी हवी आणि तीही बेताने आवळावी, कारण चिमटलेली नळी बाहेरून धड दिसते आणि आतून तडकलेली असते.

आणि ही एक सवय, जी पावसाळ्यात मला मैदानोमैदानी दिसते: बुटाच्या तळव्याला चिकटलेली लाल माती काढायला लोक शाफ्टच आपटतात. त्यासाठी ब्रश असतो.

चौदा_क्लब

कारणांवर पुरेसे आले आहे, म्हणून मी नियमांकडे वळतो, कारण स्पर्धेत क्लब तुटला की गोंधळ उडतो.

गोल्फच्या नियम ४.१ प्रमाणे जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात. २०१९च्या नियमावलीत खेळाडूच्या स्वतःच्या हातून खराब झालेला क्लब तसाच वापरता किंवा दुरुस्त करता येत असे, पण सामान्यतः बदलता येत नसे. स्पर्धा समितीने स्थानिक नियम लावला असेल तर सवलत मिळे. २०२३पासून हे सोपे झाले. क्लब रागाने आपटून किंवा दुरुपयोगाने मोडलेला नसेल, तर तो दुरुस्त करता येतो किंवा बदलताही येतो. बदलल्यावर मोडका क्लब लगेच खेळातून बाद करावा लागतो, खेळ उगाच लांबवता येत नाही, आणि मैदानावर खेळत असलेल्या दुसऱ्या कुणाच्या बॅगेतला क्लब घेता येत नाही.

या धाग्यातल्या मुद्द्याला धरून एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २०२०च्या पीजीए चॅम्पियनशिपच्या पहिल्या फेरीत, सॅन फ्रान्सिस्कोच्या हार्डिंग पार्क मैदानावर, ब्रायसन डीशॅम्बोने सातव्या टीवरून फटका मारला आणि टी उचलायला वाकताना ड्रायव्हरवर भार दिला. तेवढ्याने शाफ्ट होझलपाशी तुटला. हा गडी त्या काळात जगातल्या सर्वात जोरदार फटकेबाजांपैकी एक होता, पण शाफ्ट तुटला तो फटक्याला नव्हे, टेकल्यावर. तो खेळाच्या सामान्य ओघात तुटला असे मानून पंचांनी त्याला बदली शाफ्ट वापरू दिला. याउलट १९८७च्या रायडर कपमध्ये (अमेरिका विरुद्ध युरोप अशा संघस्पर्धेत), ओहायोच्या म्युअरफील्ड व्हिलेजवर, बेन क्रेनशॉने रागाच्या भरात पटर (ग्रीनवर चेंडू भोकात ढकलण्याचा क्लब) मोडला. बदली मिळाली नाही आणि उरलेली फेरी त्याला एक नंबरच्या आयर्नने आणि वेजने (आखूड पल्ल्याच्या आयर्नने) पटिंग करत काढावी लागली. एमन डार्सीकडून तो सामना हरला. रागाने क्लब मोडण्यात नियमापेक्षा मोठा धोका तुटलेल्या टोकाचा असतो. पोलादी नळीचे तुटके टोक अत्यंत धारदार असते आणि ते कुठे उडेल हे सांगता येत नाही.

विमानप्रवासाविषयीही लिहितो. प्रवासी बॅग उभी आपटली जाते आणि सर्वात लांब असलेल्या ड्रायव्हरच्या डोक्यावर सगळा भार येतो. ड्रायव्हरपेक्षा थोडी उंच, टेकूची काठी बॅगेत घातली की तो भार काठीवर जातो. ज्या ड्रायव्हरचे डोके पान्याने सुटते, त्याचे डोके काढून मोज्यात गुंडाळून वेगळे ठेवणे सर्वात उत्तम.

लांबपल्ला

फ्लेक्सविषयीचा खुलासा पटला. आता एक व्यावहारिक शंका. होझलपाशी तुटलेल्या शाफ्टचा बाकीचा दांडा तर धडधाकट असतो. आतमध्ये सळई घालून, इपॉक्सी भरून तो जोडून घेता येणार नाही का? चांगल्या शाफ्टची किंमत पाहता टाकून देणे जिवावर येते.

दुरुस्तीवाला_पुणे

जोडता येतो, पण मी जोडून देत नाही. मधे सळई घातली की तेवढा भाग ताठ होतो आणि सळई जिथे संपते तिथे पुन्हा तीच कडक-मऊ सीमा तयार होते. शाफ्ट पुढच्या वेळी तिथून जातो, आणि तेव्हा डोके कुणाच्या दिशेने उडेल याची जबाबदारी मला घ्यायची नाही.

आखूड क्लबसाठी मात्र तो वापरता येतो. ड्रायव्हरचा तुटलेला शाफ्ट टोकाकडून शाबूत भागापर्यंत कापून तीन किंवा पाच नंबरच्या वुडला बसवता येतो. टोक कापल्यामुळे शाफ्ट अधिक ताठ लागतो आणि झुलवताना डोक्याचे वजनही वेगळे जाणवते, हे आधी ठाऊक असलेले बरे. शिवाय तुटलेल्या जागेपासून चांगले वरपर्यंत कापावे, कारण थर दिसतात त्यापेक्षा पुढेपर्यंत सुटलेले असतात. कापलेल्या तोंडावर भिंगाने पाहिले तर थरांमधली फट दिसते, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत पुन्हा कापावे लागते. तसे करता लांबी उरली नाही तर शाफ्ट कचऱ्यात टाकावा. ग्रिपच्या बाजूला लांबी कमी पडत असेल तर तिथे इंचभर जोड चालतो, कारण त्या टोकाला वाक फारसा येत नाही. पोलादी शाफ्टलाही हेच लागू आहे, पण पनवेलकरांच्या आयर्नसारखा आतून गंजलेला असेल तर मुळीच नाही.

पनवेलकर_९१

आज दुकानात जाऊन आलो. मापे समोर घेतली, होझलची कड दाखवली. नवा शाफ्ट त्यांच्याकडून आणि बसवणावळ न घेता, असे ठरले. चॅम्फर माझ्यासमोर करून देणार आहेत. उरलेल्या आयर्नच्या ग्रिप पुढच्या आठवड्यात काढणार आहे. सात आणि नऊ नंबरच्या क्लबांतून टिचकी मारल्यावर तपकिरी भुकटी पडते, वेज आणि पाच-सहा नंबर कोरडे आहेत. सात आणि नऊ तोवर बॅगेबाहेर काढून ठेवले आहेत.